साकुराचा उपासक

वसंत ऋतूच्या आरंभी जपानमध्ये असा एक आठवडा येतो, की रात्र पडली तरी माणसांची पावले घराकडे वळत नाहीत. नदीच्या काठी, देवळांच्या आवारात, उद्यानांतील वृक्षांखाली लोक चटया अंथरून बसतात. घरून आणलेले खाद्यपदार्थ सोडले जातात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बुंध्याशी टेकायला जागा दिली जाते आणि लहान मुले माना वर करून पाहत राहतात. त्यांच्या डोक्यांवर चेरीच्या झाडांचा फुलोरा पसरलेला असतो. या फुलाला तिकडे साकुरा म्हणतात. कागदी कंदिलांचा मंद उजेड खालून वर गेला, म्हणजे ती फिकट फुले अंधारातून जणू स्वतःच्याच तेजाने बाहेर आल्यासारखी दिसतात. काही ठिकाणी लोखंडी टोपल्यांत लाकडे पेटवून ठेवतात, आणि त्या ज्वाळा हलल्या की फांद्यांवरचा फुलोराही हलल्याचा भास होतो. रात्रीच्या या साकुरेला जपानी भाषेत योझाकुरा असे नाव आहे.

फुले पाहण्यासाठी एवढी धांदल कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण साकुरा फार थोडे दिवस टिकते. झाड पूर्ण बहरले, की आठ-दहा दिवसांतच पाकळ्या गळू लागतात. मध्येच वारा सुटला किंवा पाऊस आला, तर एका रात्रीत सारा वैभवाचा पसारा जमिनीवर येतो. मग वर्षभर वाट पाहावी लागते. म्हणून दिवस अपुरा पडतो आणि लोक रात्रीही जागवितात.

ही आवड फार जुनी आहे. 812 साली सागा नावाच्या सम्राटाने राजधानी क्योतो येथील आपल्या उपवनात फुलांखाली मेजवानी केल्याची नोंद इतिहासात सापडते. तेव्हापासून कितीतरी राजेरजवाडे आणि सरदार साकुराखाली बसले आणि उठून गेले. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु ज्याच्यापाशी राजवाडा नव्हता, उपवन नव्हते, अंगावरच्या भिक्षुवस्त्रापलीकडे फारसे काही नव्हते, त्या एका माणसाचे नाव साकुरा फुलली, की जपानी माणसाच्या ओठांवर आजही येते. तो म्हणजे कवी सायग्यो.

सायग्योचा जन्म 1118 साली झाला. त्याचे मूळ नाव सातो नोरिकियो. त्याचे घराणे योद्ध्यांचे होते. पूर्वजांपैकी हिदेसातो नावाच्या सरदाराने मोठा पराक्रम गाजविलेला होता आणि धनुर्विद्या तर या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती. घरी संपत्तीची वाण नव्हती. नोरिकियो वयात आला, तेव्हा त्याला तोबा या निवृत्त सम्राटाच्या रक्षकदलात जागा मिळाली. त्या काळी जपानमध्ये सम्राट सिंहासन सोडल्यावरही पडद्याआडून राज्य चालवीत असे. त्यामुळे त्याच्या वाड्यातील रक्षक होणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. या तरुण रक्षकाचा बाण अचूक जाई, घोड्यावरची त्याची मांड पक्की होती, पायांनी चेंडू झेलण्याच्या दरबारी खेळात तो तरबेज होता; आणि एकतीस अक्षरांची जी छोटी कविता जपानी लोक वाका या नावाने ओळखतात, ती तो सहज रचीत असे. अशा तरुणाला पुढे काय कमी पडणार होते?

आणि नेमके अशा वेळी, 1140 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने सर्व सोडले. केस उतरविले, बौद्ध भिक्षूची वस्त्रे अंगावर घातली आणि तो घराबाहेर पडला.

असे का घडले, याविषयी अनेक कथा आहेत. त्यांतील एक अशी, की त्याचा एक जिवलग सोबती संध्याकाळी त्याच्याबरोबर हसतबोलत घरी परतला, दुसऱ्या दिवशी सकाळी नोरिकियो त्याला बोलावण्यास गेला, तो घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला. रात्रीतूनच मित्राला मृत्यूने गाठले होते. दुसरी कथा मनाला फार लागते. घर सोडण्याचा निश्चय करून तो आला, तेव्हा त्याची चार वर्षांची मुलगी आनंदाने धावत येऊन त्याच्या वस्त्राला बिलगली. आता या मायेत सापडलो, तर निश्चय ढळेल, या भीतीने त्याने तिला पायाने ओट्यावरून खाली लोटले आणि तिच्या रडण्याकडे पाठ फिरविली. ही कथा त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात आलेली आहे. ती सांगणाऱ्यांना तिच्यात वैराग्याचे बळ दिसले; पण वाचणाऱ्याचे लक्ष त्या ओट्याखाली पडलेल्या मुलीकडेच जाते, आणि ते योग्यच आहे. ती मुलगी पुढे स्वतः भिक्षुणी झाली, असेही परंपरा सांगते.

कथा बाजूला ठेवल्या, तरी एक नोंद मात्र त्याच काळातील आहे. 1142 साली धर्मग्रंथाच्या प्रती लिहवून घेण्याच्या कामी हा तरुण भिक्षू योरिनागा नावाच्या एका बड्या सरदाराकडे गेला होता. योरिनागाने त्याला वय विचारले आणि ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. घर श्रीमंत, वय कोवळे, मनाला कसली चिंता नाही, आणि तरीही याने संसार टाकला, याचे लोकांना मोठे कौतुक वाटे, असे त्याने तेथे लिहिले आहे.

भिक्षू झाल्यावर त्याने सायग्यो हे नाव घेतले. त्याचा अर्थ पश्चिमेकडे जाणारा. अमिताभ बुद्धाचे सुखावती नावाचे पुण्यलोक पश्चिमेला आहे, अशी बौद्धांची श्रद्धा. तिकडे निघालेला तो सायग्यो. परंतु त्याची पावले पश्चिमेपेक्षा डोंगरांकडेच अधिक वळली. आरंभी तो क्योतोच्या आसपास झोपडी बांधून राहिला. पुढे कोया नावाच्या पर्वतावर, जेथे भिक्षूंचे मोठे मठ आहेत, तेथे त्याने आपले मुख्य ठाणे केले आणि ते सुमारे तीस वर्षे टिकविले. मात्र वसंत आला, की त्याला कोया पर्वत धरून ठेवू शकत नसे. त्याचे मन योशिनोला गेलेले असे.

योशिनो हा नारा नगराच्या दक्षिणेचा डोंगर. तेथील साकुराची झाडे कोणा राजाने शोभेसाठी लावलेली नाहीत. फार पूर्वी एन् नो ग्योजा नावाच्या तपस्व्याला या डोंगरात देवतेचे दर्शन झाले आणि त्याने तिची मूर्ती साकुराच्या लाकडात कोरली, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे हे झाड तेथे पवित्र झाले. ते तोडायचे नाही असा दंडक पडला, आणि यात्रेकरू देवाला झाडे वाहू लागले. आज त्या डोंगरावर सुमारे तीस हजार झाडे आहेत असे सांगतात. ही रानटी जातीची साकुरा. शहरांतील उद्यानांत आज जी जात सर्वत्र दिसते, ती एकोणिसाव्या शतकातील. तिच्या फांद्यांवर आधी नुसती फुले येतात. योशिनोच्या डोंगरी साकुरेला फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवीही फुटते. डोंगर उंच असल्यामुळे तेथे बहर एकदम येत नाही. पायथ्याची झाडे आधी फुलतात, मग मधली, मग वरची, आणि सर्वांच्या शेवटी अगदी आतल्या रानातली. जो माणूस पायथ्यापासून चढू लागेल आणि रोज थोडे थोडे वर जाईल, त्याला एका आठवड्याऐवजी जवळजवळ महिनाभर वसंत भेटतो.

सायग्योने हेच केले. सर्वांत आतल्या रानात त्याची झोपडी होती, असे मानतात. आज तेथे नव्याने बांधलेली एक लहानशी कुटी असून तिच्यात त्याची लाकडी मूर्ती बसविलेली आहे. गेल्या वर्षी फांदी मोडून खूण केलेली वाट या वर्षी टाकून द्यावी आणि न पाहिलेल्या फुलांच्या शोधात नव्या वाटेने जावे, असे त्याने एका कवितेत लिहिले आहे. झाड तेच, डोंगर तोच. तरी त्याची भूक भागत नसे. त्याच्या मुख्य काव्यसंग्रहात सुमारे दीड हजार कविता आहेत, आणि त्याच्या एकूण कवितांपैकी दोनशेहून अधिक एकट्या साकुरेवर आहेत.

येथेच त्याच्या आयुष्यातील खरी अडचण होती. भिक्षूने कशाचाही मोह धरू नये, हा त्याच्या धर्माचा पहिला धडा. त्याने घर सोडले, धन सोडले, मुलीचा हात सोडविला. आणि एवढे सगळे सुटल्यावर हातात काय उरले, तर फुलांचा मोह! सर्व टाकून दिले असे समजणाऱ्या या मनात फुलांनी रंगलेला हा कोपरा अजून कसा शिल्लक राहिला, हा प्रश्न त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला आणि तो लपवून न ठेवता कवितेत मांडला. फुले पाहू लागल्यापासून मन शरीरातून उठून फांद्यांकडे निघून जाते आणि गळतीपर्यंत परत येत नाही, अशी त्याची तक्रार असे. दुसरा कोणी असता, तर त्याने डोळे मिटून घेतले असते. सायग्योने डोळे उघडेच ठेवले. बहरणे आणि गळून जाणे यांतील अंतर इतके थोडे आहे, हे जे झाड दरसाल दाखविते, त्याच्याकडे पाहत राहणे हीच हळूहळू त्याची उपासना झाली.

त्याला रात्र विशेष प्रिय होती. त्या काळी डोंगरात कंदिलांच्या रांगा नव्हत्या. चंद्र हाच दिवा. फुले आणि चंद्र ही दोन नावे त्याच्या कवितांत जुळ्या भावंडांसारखी येतात. दिवसा झाडाखाली माणसे येतात, बोलतात, जातात. रात्री डोंगरउतारावर फिकट फुलोरा आणि चांदणे एकमेकांत असे मिसळून जाते, की कोठे फूल संपले आणि कोठे उजेड सुरू झाला, हे कळेनासे होते.

दिवसाच्या गर्दीचा त्याला खरोखरच कंटाळा येई. क्योतोच्या पश्चिमेकडील टेकड्यांत तो एकटा राहत असता त्याच्या झोपडीजवळची साकुरा पाहण्यासाठी लोकांचे थवे येऊ लागले. तेव्हा त्याने त्रासून एक कविता केली, की लोकांना ओढून आणते एवढाच काय तो साकुरेचा अपराध आहे. या कवितेवर पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास झेआमी या थोर नाटककाराने नो पद्धतीचे एक सुंदर नाटक रचले. त्या नाटकात गर्दी पांगते, रात्र होते आणि सायग्यो झाडाखाली झोपी जातो. मग त्या झाडाच्या पोकळ बुंध्यातून एक पांढऱ्या केसांचा वृद्ध बाहेर येतो. तो त्या साकुरेचा आत्मा असतो. तो अत्यंत विनयाने कवीला विचारतो, की झाड आपल्या वेळेला फुलते, त्याला मन नाही, हेतू नाही. मग त्याच्याकडे अपराध कोठून आला? गर्दीचा त्रास मानणारे मन तर कवीचे आहे. एवढे सांगून तो वृद्ध क्योतोतील साकुरांची ठिकाणे एकामागून एक वर्णित मंद नृत्य करतो. वसंताची रात्र लहान; पाहता पाहता उजाडते आणि झाडाखाली गळालेल्या पाकळ्यांखेरीज काही उरत नाही. जगातील सर्वांत मोठ्या पुष्पप्रेमिकाला एका म्हाताऱ्या झाडाकडून बोलणी खावी लागतात, यात झेआमीने मोठी गंमत साधली आहे.

सायग्यो डोंगरात राहिला, तरी जगाचे दुःख त्याला चुकले नाही. 1156 साली राजघराण्यात भाऊबंदकी माजून क्योतोत लढाई झाली. सुतोकु हा माजी सम्राट तिच्यात हरला. सुतोकु स्वतः कवी होता आणि सायग्योचा त्याच्याशी जुना स्नेह होता. पराभूत सुतोकु केस उतरवून एका मठात आश्रयाला गेला, हे कळताच सायग्यो तेथे पोहोचला. हरलेल्याच्या दाराशी जाण्यात तेव्हा धोका होता. त्या रात्री चंद्र नेहमीसारखाच स्वच्छ होता, आणि जगाची उलथापालथ झाली असता तो तसाच कसा राहू शकतो, याचेच सायग्योला दुःख झाले. सुतोकुला पुढे समुद्रापलीकडे शिकोकू बेटावर धाडण्यात आले आणि तेथेच 1164 साली त्याचा अंत झाला. चार-एक वर्षांनी पन्नाशीला आलेला सायग्यो समुद्र ओलांडून त्याच्या समाधीपाशी गेला. तेथे फारसे कोणी फिरकत नसे. त्याने प्रार्थना केली आणि त्याच बेटावर काही काळ झोपडी बांधून तो राहिला.

1180 साली त्याहूनही मोठे युद्ध पेटले. तायरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांनी पाच वर्षे देश होरपळून काढला. सायग्यो या सुमारास कोया सोडून इसे येथे समुद्राजवळ राहावयास गेला. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात नारा येथील तोदाइजी हे महामंदिर जाळण्यात आले. या मंदिरातील बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती 752 साली घडविली गेली होती, आणि तिचे डोळे उघडण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून झाला होता. आगीत ती मूर्ती वितळून विद्रूप झाली. चोगेन नावाच्या वृद्ध भिक्षूने तिच्या पुनर्घडणीचे काम अंगावर घेतले. मूर्ती पुन्हा ओतली गेली. परंतु मुलामा देण्यासाठी सोने हवे होते. सोने उत्तरेकडील हिराइझुमी येथे होते, आणि तेथला अधिपती हिदेहिरा हा सायग्योच्या दूरच्या नात्यातला होता.

1186 साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, सायग्यो या कामासाठी पायी निघाला. तरुणपणी तो एकदा त्या वाटेने गेला होता. सायो नो नाकायामा नावाची खिंड पुन्हा चढताना त्याला नवल वाटले, की ही वाट आपण या वयात पुन्हा ओलांडू असे कधी तरी मनात आले होते काय? आयुष्य म्हणजे काय, ते त्याला त्या चढणीवर कळले, असे त्याची कविता सांगते.

वाटेत कामाकुरा नगर लागले. युद्ध जिंकून योरितोमो तेथून साऱ्या देशावर सत्ता चालवीत होता. देवळाच्या कमानीजवळ घुटमळणारा एक म्हातारा भिक्षू त्याच्या नजरेस पडला. चौकशी करता तो सायग्यो निघाला. योरितोमोने त्याला सन्मानाने वाड्यात नेले आणि काव्याविषयी व धनुर्विद्येविषयी विचारले. सायग्योने सांगितले, की घराण्याचे धनुर्विद्येचे ग्रंथ आपण संन्यास घेतला तेव्हाच जाळून टाकले आणि ती विद्या विसरलो. कवितेचे म्हणाल, तर फुले आणि चंद्र पाहून मन हलले म्हणजे एकतीस अक्षरे जुळवितो, यापलीकडे त्यातले रहस्य आपल्याला ठाऊक नाही. असे म्हणणारा तो म्हातारा मग धनुष्य आणि घोडा यांविषयी जे बोलू लागला, ते रात्रभर बोलत राहिला, आणि योरितोमोने ते सर्व लिहवून घेतले! विसरलेली विद्या छेचाळीस वर्षांनंतर पहाटेपर्यंत पुरली.

दुसऱ्या दिवशी, पुष्कळ आग्रह झाला तरी तो थांबला नाही. निघताना योरितोमोने त्याला चांदीची एक मांजर भेट दिली. वाड्याच्या दाराबाहेर काही मुले खेळत होती. सायग्योने ती मांजर त्या मुलांना खेळावयास देऊन टाकली आणि तो उत्तरेच्या वाटेला लागला. पन्नास वर्षांपूर्वी एका मुलीला ओट्यावरून लोटणाऱ्या पित्याची कथा ज्याने वाचली आहे, त्याला या दुसऱ्या प्रसंगाशी थोडे थांबावेसे वाटते.

त्या प्रवासातून परतल्यावर त्याने आपल्या निवडक कवितांच्या जोड्या लावून त्या इसे येथील देवस्थानास अर्पण करण्याची तयारी केली. त्या काळचा सर्वश्रेष्ठ कवी शुन्झेइ आणि त्याचा तरुण पुत्र तेइका यांनी त्या कविता पारखल्या. आता वय सत्तरीच्या पुढे गेले होते. कावाची प्रांतातील हिरोकावा मठात तो राहावयास गेला. तेथे त्याला आजाराने गाठले.

त्याने कितीतरी वर्षांपूर्वी एका कवितेत एक इच्छा बोलून दाखविली होती. आपल्याला मरण यावे ते वसंतात, साकुरा फुललेली असताना, तिच्या फांद्यांखाली. आणि तेही दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास. जुन्या जपानी पंचांगातील हा महिना आपल्याकडील फाल्गुन-चैत्राच्या आसपास येतो. जपानमध्ये बुद्धाचे महापरिनिर्वाण याच पौर्णिमेला झाले असे मानीत. म्हणजे फुले, चंद्र आणि बुद्ध, ज्या तिघांत त्याचे मन आयुष्यभर विभागलेले होते, ती तिघेही एकाच रात्री एकत्र यावीत, अशी ही मागणी होती. मागणी काही लहान नव्हती. पौर्णिमा पंचांगाने ठरते, पण साकुरा पंचांग पाहून फुलत नाही. आणि मृत्यू तर कोणाचेच ऐकत नाही.

1190 साली दुसऱ्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी, पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, हिरोकावा मठात सायग्योने देह ठेवला. ही वार्ता क्योतोत पोहोचली, तेव्हा शुन्झेइ, तेइका आणि इतर कवी क्षणभर स्तब्ध झाले. त्या जुन्या कवितेची त्यांना आठवण होती.

पुढे 1205 साली सम्राटाच्या आज्ञेने 'शिन् कोकिन्शू' हा काव्यसंग्रह सिद्ध झाला. त्यात देशातील उत्तमोत्तम कवींना स्थान मिळाले. पण सर्वांत अधिक कविता, चौऱ्याण्णव, या निर्धन भिक्षूच्या निघाल्या. पाचशे वर्षांनी, 1689 साली, बाशो हा कवी जेव्हा उत्तरेच्या आपल्या प्रसिद्ध पदयात्रेला निघाला, तेव्हा सायग्यो जेथे जेथे थांबला होता, ती ठिकाणे तो शोधीत गेला.

हिरोकावा येथील समाधीचा मात्र लोकांना विसर पडला होता. अठराव्या शतकात जिउन नावाच्या एका भिक्षूने, जो स्वतः कवी होता आणि सायग्योला गुरुस्थानी मानीत होता, ती फार शोध करून 1732 साली हुडकून काढली. मठामागच्या टेकडीवर गवताने झाकलेला तो मातीचा साधा उंचवटा होता. सायग्योने आणखी एक कविता करून ठेवली होती, की मागे राहिलेल्यांपैकी कोणाला आपल्यासाठी काही करावेसे वाटलेच, तर त्याने साकुराची फुले वाहावीत. जिउनला ती पाठ असली पाहिजे. फुले खुडून वाहण्याऐवजी त्याने त्या उंचवट्याभोवती साऱ्या टेकडीवर साकुराची झाडे लावली, आणि स्वतः तेथेच झोपडी बांधून राहिला.